युवा नेत्र

टेपताईच्या गळ्यात टेप नाही, असं कुणी पाहिलं नव्हतं. दुकानात ती असायचीच, पण पाव आणायला गेली तरी टेप गळ्यात, बँकेत गेली तरी गळ्यात. नवऱ्याला पोचवून आली त्या संध्याकाळी आरशापुढे उभी राहिली तेव्हा तिच्या लक्षात आलं की आपण टेप काढायची विसरलो. चार माणसांनी सांत्वन केलं, त्यातल्या एकालाही त्यात काही वावगं दिसलं नव्हतं.

माणसं तिला चेहऱ्यापेक्षा मापाने लक्षात राहत. रस्त्यात कुणी हाक मारली की ती मनात म्हणे, छाती चाळीस, खांदा उतरता. एखादीची कंबर दोन इंचांनी वाढली की ते घरच्यांच्या आधी टेपताईला कळे, आणि कळलेलं ती कुणापाशी बोलत नसे. म्हणून तर दुकान बत्तीस वर्षं चाललं. दोन मशिनं, एक कापायचं टेबल, पडद्यामागे आरसा, आणि भिंतीला टेकून शाळेच्या गणवेशांचे गठ्ठे. भाडं त्या गठ्ठ्यांवर निघत होतं.

गेली दोन वर्षं मात्र तिच्या डोळ्यांसमोर कुणी मेणकागद धरल्यासारखं झालं होतं. उजव्याने जरा बरं, डाव्याने नुसता उजेड. हे तिने बाहेर फुटू दिलं नाही. समोरच्या फुटपाथवर तयार कपड्यांचं काचेचं दुकान उघडलं होतं, आणि जिला दिसत नाही तिच्यापुढे चांगलं कापड आणून टाकायला माणसं वेडी नव्हती. शाळाही नव्हती. तेव्हा ती बोटांनी शिवण चाचपून काम उरकायची, आणि काळं कापड कुणी आणलं तर परत करायची. "काळं माझ्या मशीनला मानवत नाही," असं इतक्या ठामपणे सांगायची की मशीनलाही ते पटलं असावं.

खरी गोष्ट एकट्या नणंदेला माहीत होती. नणंद तिच्याहून चार वर्षांनी लहान, लग्नाच्या भानगडीत न पडलेली, काज-बटणं करायची आणि जीभ कात्रीशेजारी ठेवली तर कात्री बोथट वाटावी अशी. रोज सकाळी दुकान उघडण्याआधी ती खिडकीशी बसून वीस सुया ओवून उशीत टोचून ठेवी. बदल्यात दिवसभर रेडिओवर तिच्या पसंतीचं लागे.

"वहिनी, आज एकोणीसच ओवल्यात."

"विसावीला काय धाड भरली?"

"विसावी नाटक संपल्यावर. काल तू मध्येच बातम्या लावल्यास."

"वन्सं, तुम्ही नणंद नाही, खंडणीवाल्या आहात."

"मग ओव तुझी तू," नणंद म्हणाली, आणि विषय संपला.

एके दिवशी शाळेच्या हेडबाई गणवेशाचं कापड घेऊन आल्या आणि खुर्चीत बसल्या त्या उठेनात. शाळेत समुद्रापलीकडून दोन स्वयंसेवक येऊन राहिले होते. एक इतका उंच की मुलं त्याला लांबू म्हणत, दुसरी त्याच्या कोपराएवढी. दोघं वरच्या वर्गांतल्या मुलामुलींसाठी पाच दिवसांचं युवा नेतृत्व शिबिर घेणार होते. शिकवण्याचे पैसे त्यांना नको होते. पण तळ्याकाठच्या रिकाम्या वसतिगृहाचं भाडं, तीस जणांचं जेवण आणि बस, एवढं गावाने उभं करायचं होतं. वर्गणीला घरोघर जायचं कुणी, हा प्रश्न शाळेच्या समितीत निघाला तेव्हा सगळ्यांना एकच नाव सुचलं होतं.

"तुम्हाला नाही कोण म्हणणार, टेपताई?" हेडबाई म्हणाल्या. "सगळ्या गावाची मापं तुमच्या वहीत आहेत."

नाही म्हणणारे भरपूर निघाले.

"कसलं शिबिर?" बेकरीवाल्याने विचारलं.

"नेतृत्वाचं."

"म्हणजे पुढारी तयार करणार? आहेत ते कुठे ठेवायचे ते आधी सांगा."

औषधवाला म्हणाला, "माझा पोरगा घरात आत्ताच हुकूम सोडतो. त्याला आणखी धार लावू नका." निवृत्त पोस्टमास्तरांनी चहा दिला आणि आपल्याला नेतृत्व कुणी न शिकवताही आपण टपाल कसं वेळेवर पोचवलं हे तासभर सांगितलं. कप उचलून नेला, वर्गणीचं नाव काढलं नाही. पंधरा दिवसांत जे जमलं त्यात बसचं भाडं निघत होतं, तेही जाण्यापुरतंच.

"नेऊन सोडा मुलांना," नणंद म्हणाली. "परत यायचं नेतृत्व त्यांचं त्यांनी करावं."

हेडबाईंच्या मनात आलं, छापील पावती नाही म्हणून लोक बिचकत असतील. पावतीपुस्तकं करायला टाकली ती पोस्टामागच्या गल्लीतल्या छापखान्यात. छापखानेवाला एकटा माणूस. शाळेचे परीक्षेचे पेपर छापायचा, लग्नपत्रिका छापायचा, आणि दर दोन महिन्यांनी बाहेरगावच्या दवाखान्याची पत्रकं. कधी रक्तदान शिबिर, कधी नेत्र शिबिर. वर्षानुवर्षं हेच छापून त्याच्या हाताला 'शिबिर' शब्दाच्या आधी काय येतं ते पाठ झालं होतं.

शाळेपेक्षा दुकान जवळ म्हणून प्रूफ घेऊन तो टेपताईकडे आला ती वेळ दुपारची, आणि आभाळ भरलेलं. नणंद बँकेत गेलेली. टेपताईने कागद टेबलावर पसरला, हाताने सपाट केला आणि ओळीखालून बोट फिरवलं. अक्षरं मुंग्यांसारखी दिसत होती. पण काय लिहिलं असणार ते तिला ठाऊक होतं, आणि ठाऊक होतं तेच तिने वाचलं.

"बरोबर आहे," ती म्हणाली आणि सही केली.

कागदावर होतं, 'युवा नेत्र शिबिर. मदतीची पावती.' नेतृत्वातलं 'तृत्व' गेलं होतं आणि त्याच्या जागी एकटा 'त्र' येऊन बसला होता.

पुस्तकं हातात पडली आणि टेपताई पुन्हा निघाली. या खेपेला गावाचा हात सैल सुटला. जे पंधरा दिवसांपूर्वी दारातूनच बोळवण करत होते ते आता आत बसवू लागले. परदेशातून माणसं आली आहेत, फुकट करणार आहेत, आणि करणार काय, तर युवा नेत्र. म्हणजे डोळे तरुण. असं स्पष्ट छापून आल्यावर शंका कोण घेणार?

बेकरीवाल्याची आई, जिला सगळे बेकरीच्या आजी म्हणत, तिने पावती मुलाकडून दोनदा वाचून घेतली आणि रुमालाच्या टोकाला बांधली.

"आलेत का ते लोक?"

"आलेत की. शाळेतच राहतात."

"आणि काही घेणार नाहीत?"

"एक पैसा नाही. राहण्या-जेवणाचं तेवढं आपण बघायचं."

"युवा," आजी म्हणाल्या. "बरा शब्द आहे. माझा नंबर पहिला लाव."

आजींना उद्घाटनाला पुढची खुर्ची हवी आहे, असं टेपताईला वाटलं. "लावते," ती म्हणाली.

पोस्टमास्तरांनी विचारलं, "चष्मा घालून यायचं की काढून?"

"तुम्हाला शोभेल तसं या."

औषधवाल्याने पैसे दिलेच, वर कापूस आणि थेंबांच्या बाटल्या देऊ केल्या. मुलं खेळताना धडपडतील म्हणून देत असेल, असं ती समजली, आणि माणूस वाटतो तेवढा चिक्कू नाही, असं घरी येऊन म्हणाली.

कुणी डोळ्यांचं नाव काढलंच नाही असं नव्हे. दोन-तीन ठिकाणी निघालं. पण डोळे हा शब्द ऐकला की टेपताई विषय बदली. आपल्याबद्दल कुणकुण लागली की काय, या धास्तीने ती घाईघाईने पडद्यांच्या कापडावर येई आणि पावती फाडून उठे. शाळेतल्या दोन मास्तरांनीही पावत्या घेतल्या. त्यांना शिबिर कसलं ते माहीत होतं, तेव्हा त्यांनीही वाचायचे कष्ट घेतले नाहीत. दहा दिवसांत लागणार होती ती सगळी रक्कम उभी राहिली.

"छापील कागदाची किमया असते, वन्सं," टेपताई म्हणाली. पुस्तकं तिच्या पिशवीतच असत. नणंदेने ती पाहायला मागितली नाहीत, कारण तेव्हा नाटक रंगात आलं होतं.

एका मंगळवारी सकाळी लांबू दारातून वाकून आत आला. भाषा तो पुस्तकातून शिकला होता आणि पुस्तकासारखीच बोलत असे. बेकरीच्या आजी उशांचे अभ्रे न्यायला येऊन बसल्या होत्या.

"सुप्रभात. मला शिबिरासाठी तीस नेत्रपट्ट्या शिवून हव्या आहेत. वर्ण कृष्ण असावा."

"कोण असावा?" नणंदेने विचारलं.

"काळा."

"काळं माझ्या मशीनला मानवत नाही," टेपताई म्हणाली.

"अगं, शिवून दे त्याला," आजी मध्ये पडल्या. "ऑपरेशननंतर बांधायला लागतीलच की."

"शस्त्रक्रिया नाही," लांबू म्हणाला. "ही क्रीडा आहे. एकाचे डोळे बांधायचे. दुसऱ्याने त्याला स्पर्श न करता, केवळ बोलून, खोलीच्या पलीकडे न्यायचे."

आजींनी त्याला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं. त्याला वेळ लागला. "बाळा, मला चार वर्षं बांधल्यासारखंच दिसतंय. ते खेळायला मी पैसे दिले नाहीत. माझे डोळे कधी करतोस ते बोल." आणि त्यांनी रुमालाची गाठ सोडून पावती त्याच्यापुढे धरली.

लांबूने ती घेतली आणि एकेका अक्षराखाली बोट ठेवत वाचली, पहिलीतलं मूल वाचतं तशी. "यु. वा. ने. त्र." तो थांबला. "नेत्र म्हणजे डोळा. होय ना?"

"नेतृत्व," टेपताई म्हणाली.

"क्षमा करा. इथे 'तृत्व' नाही."

टेपताईने पावती घेतली, खिडकीपाशी नेली, डोळ्यांजवळ आणली, लांब धरली. मुंग्या. नणंद उठून आली, तिने पावती वाचली आणि जाऊन रेडिओ बंद केला. आजवर तिने तो आपणहून कधी बंद केला नव्हता.

"म्हणजे डोळे करणार नाहीत?" आजी म्हणाल्या. "मग ग, पैसे कशाचे घेतलेस?"

दुपारपर्यंत ही गोष्ट गावभर झाली. चार वाजता हेडबाई शाळेच्या सेक्रेटरींना घेऊन आल्या. सेक्रेटरी उभ्यानेच बोलले. रविवारी शाळेच्या हॉलमध्ये वर्गणीदारांना बोलवायचं, छापखान्याची चूक आहे हे सांगायचं, आणि त्या माणसाचं शाळेचं काम बंद करायचं. प्रूफ दाखवल्याशिवाय छापतो म्हणजे काय?

"तो काय म्हणतो?" टेपताईने विचारलं.

"काय म्हणणार? आधी म्हणाला दाखवलं होतं. कुणाला, ते काही सांगेना. आणि प्रूफ? रद्दीत गेलं असेल म्हणे."

ते दोघं गेल्यावर टेपताई पोस्टामागच्या गल्लीत गेली. छापखानेवाला शाईचे हात चिंधीला पुसत बसला होता. तिला पाहून त्याने मेजाचा खण उघडला आणि प्रूफ पुढे ठेवलं. कोपऱ्यात तिची सही होती. सही तेवढी मोठी असल्यामुळे तिला दिसली.

"दाखवलं का नाहीस?"

"दाखवलं असतं तर लोक विचारणार, एवढं ठळक अक्षर ताईंना दिसलं कसं नाही." त्याने चिंधी उलटी केली. "मी त्या दिवशी बघत होतो, ताई. तुमचं बोट चाललं होतं, पण ओळ वेगळीकडे होती. मी तेव्हाच बोलायला हवं होतं. मलाही घाई होती."

"परीक्षेचे पेपर गेले तर काय करशील?"

"लोक लग्नं करायची थोडीच थांबणार आहेत?"

"तेवढ्यावर भागतं?"

"नाही," तो म्हणाला.

ती प्रूफ घेऊन घरी आली. नणंदेने ते पाहिलं आणि पुन्हा घडी घातली.

"गप्प बस," नणंद म्हणाली. "अर्धी चूक त्याची आहेच."

"आणि उरलेली अर्धी?"

"गणवेशांचे गठ्ठे बघ आधी. ते उचलून समोरच्या काचेच्या दुकानात गेले की अर्धी कुणाची आणि पाव कुणाची, बसू दोघी मोजत."

"तुमची काजं पण जातील, वन्सं."

"तेच सांगतेय. मी काही तुझ्या काळजीने बोलत नाहीये."

रविवारी हॉल भरला. पैसे दिलेली माणसं सभेला वेळेवर येतात. लांबू आणि ती छोटी मागच्या बाकावर बसली होती. छापखानेवाला दाराशी उभा, बाहेर पडायला सोयीचं म्हणून. सेक्रेटरींनी घसा साफ करून सुरुवात केली. शब्द चुकला, गैरसमज झाला, ज्यांना पैसे परत हवेत त्यांना मिळतील, आणि जबाबदार छापखान्याला यापुढे शाळेचं एकही काम...

"प्रूफ मी बघितलं होतं," टेपताई म्हणाली. ती उभी राहिली होती. "ही माझी सही. मी बरोबर आहे म्हटलं म्हणून त्याने छापलं."

सेक्रेटरींनी प्रूफ हातात घेतलं. "मग तुम्हाला हे दिसलं नाही?"

"नाही दिसलं."

"एवढ्या मोठ्या अक्षरात आहे."

"मोठं असेल. मला दिसत नाही. दोन वर्षं झाली. डाव्याने काहीच नाही, उजव्याने तुम्ही कुठे उभे आहात ते कळतं, तुमचा चेहरा कळत नाही."

हॉलमध्ये चुळबुळ सुरू झाली ती कपड्यांची. प्रत्येक जण आपापली शिवण बघत होता. कुणी कॉलर चाचपली, कुणी शेजारणीला पाठ दाखवली. पोस्टमास्तरांनी दोन्ही हात पुढे करून कोटाच्या बाह्या जुळवून पाहिल्या.

"तरीच," ते म्हणाले. "माझी डावी बाही आखूड आहे. गेल्या वर्षी शिवलेला कोट."

"बाही आखूड नाही, तुमचा डावा हात आखूड आहे," टेपताई म्हणाली. "बत्तीस वर्षं आखूडच आहे. मी बोलले नव्हते."

लोक हसले. पोस्टमास्तरांनी हात खाली घेतला. ती मात्र हसली नाही. तिने पिशवीतून पावतीपुस्तकं काढली आणि ज्याला पैसे परत हवेत त्याने पुढे यावं, म्हणाली. नाव वाचायला नणंद शेजारी येऊन बसली.

निम्म्याहून जास्त लोकांनी पैसे परत घेतले. औषधवाल्याने कापूसही परत मागितला. बेकरीच्या आजी रांगेत आल्या, पावती पुढे केली, आणि टेपताईने पैसे मोजायला घेतल्यावर म्हणाल्या, "ते राहू दे मुलांना. तू डोळे कुणाला दाखवलेस का?"

"नाही."

"दोन वर्षं?"

"दुकान बंद ठेवावं लागलं असतं."

"मग माझ्याबरोबर मोठ्या इस्पितळात चल. एकटीला मला बसचा नंबर दिसत नाही."

"मलाही दिसत नाही."

"दोघी मिळून कुणाला तरी विचारू."

शिबिर पाच दिवसांचं होतं ते तीन दिवसांचं झालं. काळ्या पट्ट्या नणंदेने शिवल्या, तिसांपैकी अठ्ठावीस सरळ आल्या. मुलं परत आली ती धुळीने माखलेली आणि भांडलेली, म्हणजे बहुतेक काहीतरी शिकली असावीत. परीक्षेचे पेपर छापखान्याकडेच राहिले. त्या वर्षीचे गणवेश मात्र समोरच्या काचेच्या दुकानात गेले. हेडबाई ते सांगायला स्वतः आल्या आणि या खेपेला खुर्चीत बसल्या नाहीत.

इस्पितळात टेपताईला भिंतीवरच्या पाटीसमोर बसवलं. पहिल्या दोन ओळी तिने धडाधड म्हणून दाखवल्या.

"बाई, अंदाजाने नको," पाटीशेजारची नर्स म्हणाली. "दिसतं तेवढंच सांगा."

टेपताईने बराच वेळ पाटीकडे पाहिलं. "वरचं एक," ती म्हणाली.

दोन्ही डोळ्यांचे मोतीबिंदू काढायला चार महिने गेले. नवा चष्मा घालून ती दुकानात आली तेव्हा तिने पहिलं काय केलं असेल, तर दोन वर्षांत शिवून कुणी न नेलेले कपडे खाली काढले आणि एकेक उसवायला घेतले. नणंद सुया ओवायची बंद झाली, त्यामुळे रेडिओवरून रोज भांडण होऊ लागलं. भाडं दोन महिने थकलं. पडदे, अभ्रे, कुणाची पॅन्ट आखूड करायची, अशी बारीकसारीक कामं येत होती.

एका सकाळी पोस्टमास्तर तो कोट घेऊन आले. अस्तर निसटलं होतं. कोट त्यांनी उजव्या हाताने टेबलावर टाकला. त्या सभेपासून ते डावा हात खिशात घालून फिरत, हे सगळ्या गावाच्या सवयीचं झालं होतं.

"हात बाहेर काढा," टेपताई म्हणाली.

"कशाला? माहीत आहे की."

"माप घ्यायचंय."

तिने खांद्यापासून मनगटापर्यंत टेप धरली. उजवा साडेतेवीस. डावा साडेतेवीस. पुन्हा घेतलं. मग कोटाच्या बाह्या मोजल्या आणि टेप गळ्यात टाकली.

"वन्सं, रेडिओ बारीक करा."

"का?"

"करा म्हणते ना." ती पोस्टमास्तरांकडे वळली. "हात बरोबर आहे तुमचा. दोन्ही सारखे आहेत. बाहीच आखूड होती, सव्वा इंचाने. मी चुकले होते."

पोस्टमास्तरांनी डावा हात समोर धरला आणि उजव्याच्या शेजारी लावून पाहिला. "सगळ्यांदेखत सांगितलं होतंत तुम्ही," ते म्हणाले.

"हो. आता बेकरीत जाऊन सांगते. तिथे सांगितलं की सगळ्यांना कळतं."

तिने चष्मा सारखा केला, कोटाची बाही उलटी करून कात्रीचं टोक शिवणीत घातलं, आणि चार टाके उसवल्यावर पायात चपला सरकवून बेकरीकडे निघाली.